मुकादम बाई आणि शिंप्याची गाठ

भिवंडीत लाईट गेली की सगळे वैतागत, मुकादम बाई तेवढ्या खूश होत.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचे कारखाने होते. सकाळी फाटकातून आत शिरल्यापासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत नुसती खटखट. त्या आवाजावर आवाज चढवून आम्ही शिकवायचो. मी घरीसुद्धा ओरडूनच बोलते, अशी माझ्या सासूबाईंची कायमची तक्रार होती. मग मध्येच कधीतरी लाईट जाई आणि सगळ्या लूम एकदम थांबत. पंखा गरगरत मंदावे, मुली वह्यांनी वारा घेऊ लागत आणि शेजारच्या आठवीच्या वर्गातून मुकादम बाई हातातल्या खडूसकट बाहेर धावत येत. व्हरांड्याच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून, मान वाकडी करून उभ्या राहत. कोणी बोललंच, तर मागे न बघता हात वर करून त्याला गप्प करत.

"राखी," त्या पुटपुटत. "टाकीमागच्या झुडपात. आणि तो शिंपी, लिंबात. ऐकतेस ना, सुमन?"

मला सगळं सारखंच ऐकू यायचं. मी गणिताची शिक्षिका. पक्षी म्हटलं की मला कावळा, चिमणी आणि कबुतर एवढं ठाऊक. पण त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे काही उमटायचं ते बघायला मी वर्ग सोडून दारात येत असे. लाईट आली, लूम सुरू झाल्या की त्या खांदे पाडून पुन्हा वर्गात जात. शाळेचे शिपाई पाटील मामा काल्हेरचे. बाई त्यांना रोज सकाळी विचारत, "मामा, आज लाईट कधी जाणार?" मामांना वाटे, चांगली बातमी द्यावी. "आज न्हाय जायाची बाई, इचारून आलोय मी," असं ते छाती काढून सांगत आणि बाईंचा चेहरा का पडला हे काही त्यांना कळत नसे.

हलीमा मुकादम त्यांचं पूर्ण नाव. नारपोलीत भावाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आम्हा सगळ्यांत त्या वयाने मोठ्या, विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळच झाला नाही." आणि ते खरंही वाटायचं. या बाईला बूड टेकायला वेळ मिळाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पर्स बसायची. डबा त्या येरझाऱ्या घालत खायच्या. चहा दोन घोटांत. शिकवताना फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत अशा फेऱ्या मारायच्या की मुलींच्या माना टेनिस बघितल्यासारख्या फिरत. पेपर तपासायलाही त्या खिडकीच्या कट्ट्यावर गठ्ठा ठेवून उभ्याच. पायाला भिंगरी म्हणतात ती यांच्या जिभेलाही होती. मुली मागून त्यांना 'वटवट्या' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "चुकीचं नाही," त्या म्हणाल्या. "त्याच घरातली आहे मी."

वटवट्ये हा त्यांचा ध्यास होता. लहानसे, मातकट, हिरवट, कुठल्याही झुडपात असतात आणि कुठल्याच झुडपात धड दिसत नाहीत असे किडे खाणारे पक्षी. एका फांदीवर क्षणभर टिकत नाहीत. त्या काळी पुस्तकांनी असल्या सगळ्या पक्ष्यांना एकाच मोठ्या कुळात घातलं होतं. पानं शिवणारा शिंपी, गवतातला वटवट्या, राखी वटवट्या, हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे पर्णवटवट्ये, बोरूत राहणारे, सगळे एका ठिकाणी. बाईंना ते सोसत नसे.

"हे कुळ नाही, धर्मशाळा आहे," त्या म्हणत. "लहान आहे ना? किडे खातो ना? अंगावर रंग नाही ना? या, बसा इथे. ही काय रीत झाली?"

त्यांची स्वतःची वर्गवारी प्रयोगशाळेतल्या एका काचेच्या कपाटात होती. त्यात घरटी होती. पिल्लं उडून गेलेली, टाकलेली घरटीच त्या आणत. घरट्याला त्याआधी हात लावणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा असं बोलून घेतलं होतं की ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. त्यांचं म्हणणं असं, की पिसं बघून कुळ ठरवू नये, हात बघून ठरवावं. पक्ष्याचा हात म्हणजे त्याची चोच, आणि चोचीचं काम म्हणजे घरटं. कपाटाच्या मधल्या फळीवर शिंप्याचं आणि राखी वटवट्याचं घरटं शेजारी शेजारी असे. दोघंही पानं शिवतात. शिंपी तर प्रसिद्धच आहे. राखीचं कोणी फारसं नाव घेत नाही. "हे दोघे एका घरातले," असं म्हणून बाई तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून वर धरत. शाळेतली प्रत्येक मुलगी त्या दोन बोटांची नक्कल करायची.

माणसांचीही वर्गवारी त्या करत. आमचे मुख्याध्यापक पर्णवटवट्या: थंडीत दिसतात, परीक्षेच्या सुमारास नाहीसे होतात. पाटील मामा भारद्वाज: दिसले की दिवस चांगला जातो. "आणि मी?" मी एकदा विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझं अजून ठरलं नाही. घाई करू नये." अठरा वर्षं आम्ही एका शाळेत होतो, आणि माझं शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यांचं आवडतं वाक्य 'रीत दाखव' हे. उत्तराशी त्यांना कर्तव्य नसे. एकदा सहामाहीत एका मुलीने वेगाच्या उदाहरणात जिथे भागायचं तिथे गुणलं, पुढे आणखी एक चूक केली, आणि दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकून उत्तर अगदी बरोबर आलं. बाईंनी शून्य दिलं. मुलगी रडत माझ्याकडे आली, आणि माझं गणिताचं मन म्हणा, आईचं मन म्हणा, द्रवलं.

"बाई, उत्तर बरोबर आहे. अर्धा तरी द्या."

"कशाबद्दल?"

"बरोबर आलंय त्याबद्दल."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याला लाकूडतोड्या म्हणायचं का?" त्या म्हणाल्या. "रीत चूक, तर उत्तर तिचं नाहीच. कुठून तरी उडत येऊन बसलंय ते." आणि पेपर माझ्या हातात देऊन चालू लागल्या. मला त्यांचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या त्याच मुलीला टाकीशेजारी घेऊन उभ्या होत्या आणि तिच्याकडून तसलंच उदाहरण पुन्हा पुन्हा करून घेत होत्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी सोडेनात. गुण मात्र दिला नाही.

मध्ये एक वर्ष असं आलं की गावात जाळपोळ झाली आणि कर्फ्यू लागला. शाळा बरेच दिवस बंद होती. मी ठाण्याला घरात बसून वर्तमानपत्रं वाचायची आणि नारपोलीचं नाव आलं की पेपर खाली ठेवायची. शाळा उघडली त्या दिवशी बाई फाटकाशी उभ्या होत्या. मी त्यांना मिठी मारली आणि रडले. त्या रडल्या नाहीत. भावाचा कारखाना वाचला होता. कारागीर मात्र जीव मुठीत घेऊन मुलखाला निघून गेले होते.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "सगळ्या गावात एक लूम चालू नव्हती. जन्मात अशी शांतता मी ऐकली नव्हती. एकेक पाखरू ऐकू येत होतं. जे शोधायला वणवण फिरते ते सगळं खिडकीत बसल्या जागी. आणि मी अल्लाला म्हणत होते, नको मला हे. लूम चालू कर." त्यानंतर कितीतरी महिने लाईट गेली तरी त्या व्हरांड्यात आल्या नाहीत.

लूम सुरू झाल्या, कारागीर परतले, आणि बाईही परतल्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर ते गाठीचं प्रकरण सुरू झालं.

शाळेच्या कंपाउंडमधल्या लिंबाच्या झाडात शिंप्याचं घरटं होतं. पिल्लं उडाल्यावर बाईंनी ते काढून आणलं. शिंपी चोचीने पानाच्या कडेला भोक पाडतो, त्यातून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओवतो आणि धागा निसटू नये म्हणून बाहेरचं टोक पिंजून त्याचा गोंडा करतो. गाठ मारत नाही, असं सगळी पुस्तकं सांगत. या घरट्यात मात्र साधा कापूस नव्हता, कारखान्यातला पांढरा धागा होता. आणि भिंगाखाली धरलं तर पानाच्या कडेला त्या धाग्याला गाठ होती. चांगली आवळलेली, इवलीशी. बाईंनी मला भिंग दिलं. मी पाहिलं. गाठच होती ती, शंका नको.

आठवड्याभरात त्यांनी टाकीमागच्या झुडपातलं राखी वटवट्याचं रिकामं घरटं उतरवलं. त्याच्याही पानाला धागा, आणि धाग्याला तीच गाठ. तशीच आवळलेली, तशीच इवलीशी.

मी बाईंना तेव्हा जसं पाहिलं तसं त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. त्या प्रयोगशाळेतून स्टाफरूममध्ये, स्टाफरूममधून फाटकापर्यंत, तिथून परत, अशा फिरत होत्या. "दोन पक्षी," त्या म्हणत होत्या, "दोन घरं, आणि एकच गाठ. हे कोणी शिकवलं नाही त्यांना. हे रक्तात असतं. पुस्तकं म्हणतात शिंपी गाठ मारत नाही. तुमचा मारत नसेल. भिवंडीचा मारतो!" पाटील मामांनाही त्यांनी भिंगातून दाखवलं. मामा म्हणाले, "मंग? भिवंडीचं पाखरू हाय ते. विणकाम यायाचंच त्याला." आम्ही सगळ्या हसलो. आमच्या गावचं पाखरूसुद्धा कारागीर, याचा सगळ्यांनाच थोडा अभिमान वाटला.

मुंबईत पक्षी निरीक्षकांचं एक मंडळ होतं. बाई अधूनमधून तिथे जात, मागच्या रांगेत उभ्या राहून ऐकत. आता त्यांनी मंडळाला सगळं कळवलं, आणि मंडळाने त्यांना बोलायला बोलावलं. शनिवारी संध्याकाळी, अर्धा तास. आजवर ज्या बाईंचं ऐकायला आठवीच्या मुली आणि मी एवढ्याच होतो, त्यांचं आता पुस्तकं लिहिणारी माणसं ऐकणार होती. शिंपी आणि राखी एका घरातले, हे त्या वीस वर्षं म्हणत आल्या होत्या. आता त्यांच्याकडे दाखवायला खूण होती. त्या आठवड्यात त्या जेवल्या की नाही कोण जाणे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. धागा कुठल्या जातीचा ते सलीमला विचारायचंय. तिथे कोणी विचारलं तर उत्तर नको का?" सलीमभाई त्यांचा धाकटा भाऊ. आम्ही नारपोलीला गेलो. सलीमभाई कुठे बाहेर गेले होते, म्हणून आम्ही कारखान्याच्या दाराशी त्यांची वाट बघत थांबलो. आत लूम चालू होत्या. बाई माझ्या कानाशी तोंड आणून भाषणाची सुरुवात म्हणून दाखवत होत्या.

आमच्या समोरच्याच लूमवर धागा तुटला. लूम थांबली. कारागिराने दोन टोकं उचलली, अंगठा आणि बोट यांच्यात काहीतरी केलं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर गाठ बसली, उरलेली टोकं कातरली, आणि लूम पुन्हा सुरू. त्याचं लक्षही नव्हतं तिकडे. तो शेजारच्या लूमवाल्याशी गावाकडच्या आंब्यांबद्दल बोलत होता.

बाई बोलायच्या थांबल्या.

हे वाक्य मी लिहिलं खरं, पण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना त्यातली भीती कळणार नाही. त्या आत गेल्या. लूमखालचा झाडलेला कचरा, जोडून पुन्हा तुटलेल्या धाग्यांचे पुंजके, दोन्ही मुठी भरून घेऊन बाहेर उजेडात आल्या आणि चक्क उंबऱ्यावर बसल्या. पर्समधून भिंग काढलं. एक धागा बघितला, दुसरा बघितला. मग भिंग माझ्याकडे दिलं.

धाग्याधाग्याला गाठ होती. आवळलेली, इवलीशी, दोन्ही टोकं कातरलेली. हा कचरा रोज संध्याकाळी गल्लीत टाकला जाई. तिथून तो सगळ्या गावात उडे, आणि ज्याला घरटं करायचं असेल तो चोचीत येईल तेवढा उचलून नेई. शिंपीही नेई, राखीही नेई. गाठ तयारच असे.

"टोकं कातरलेली होती, सुमन," बाई म्हणाल्या. "मी बघितलं होतं. पाखराकडे कातर कुठून आली, एवढंही मनात आलं नाही." मग दारातून आतल्या लूमकडे बघत म्हणाल्या, "या आवाजात जन्मले मी. आईने या लूमशेजारी झोळी बांधून झोपवलंय मला. ही गाठ मारताना लहानपणापासून हजारदा पाहिली. आणि मला ओळखू आली नाही. मुंबईच्या माणसाची चूक झाली असती तर समजलं असतं."

सलीमभाई आले. काय झालं ते ऐकून त्यांना हसू आलं, पण बहिणीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. "आपा, ते मुंबईवाले. लूम जवळून कधी बघितलीय कोणी? कोणाला काय कळणार?"

"मला कळलं ना," बाई म्हणाल्या.

"मग जाऊच नकोस. तब्येत बिघडली म्हणून फोन करतो मी."

"बोलावलंय त्यांनी. जायला नको?"

शनिवारी सलीमभाईंचा कापडाचा टेम्पो मुंबईला जायचाच होता. ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी बसलो, मागे ताग्यांची चळत. बाईंच्या मांडीवर बुटांचं एक खोकं होतं, त्यात दोन घरटी. पदराखाली एक कापडी पिशवी. वाटभर त्या कसलीशी वीण घातल्यासारखी बोटं हलवत होत्या. मला वाटत होतं टेम्पो बंद पडावा.

हॉल भरलेला होता. बाई उभ्या राहिल्या. घरटी टेबलावर ठेवली. पिशवीतला कचरा काढून शेजारी ठेवला. आणि अर्ध्या तासाचं भाषण त्यांनी पाच-सात मिनिटांत संपवलं. मी काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं, आणि ते कसं चुकलं. अगदी फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं, पायरी पायरीने. आवाज मात्र लूमच्या वर चढवलेला, त्या शांत हॉलमध्ये तो फारच मोठा वाटत होता. मागे दोन-चार जण हसले. त्यांचा मला आजही राग येतो.

अध्यक्ष म्हणून एक वयस्कर, सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, गाठ सोडून द्या. पण हे दोन पक्षी जवळचे असावेत, हा तुमचा मूळ मुद्दा विचार करण्यासारखा आहे."

"मुद्दा राहिला नाही आता," बाई म्हणाल्या. "तो त्या गाठीवर टांगलेला होता."

परतताना टेम्पो रिकामा होता आणि खड्ड्यांत आदळत होता. मी म्हटलं, "बाई, केवढं धैर्य लागलं असेल." त्या माझ्यावर उखडल्या. "धैर्य कसलं त्यात? ते खोटं बोलायला लागलं असतं. वडापाव खायचा का?" आणि रस्त्यात टेम्पो थांबवून त्यांनी उभ्या उभ्या दोन खाल्ले.

ती घरटी त्यांनी टाकून दिली असती तर मला समजलं असतं. पण त्यांनी ती पुन्हा कपाटात ठेवली, मधल्याच फळीवर, आणि शेजारी लूमचा कचरा एका बशीत. दर जूनमध्ये आठवीचा पहिला तास त्यावर असे. मुलींना भिंग देऊन विचारत, "काय दिसतं?" मुली म्हणत, "गाठ." "कोणी मारली?" मुली म्हणत, "पक्ष्याने." मग बाई बशी पुढे करत. "ही माझी चूक. बघून घ्या. यापेक्षा वेगळी चूक करा." दोन बोटं चिकटवून दाखवायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. मुलींच्या त्या पिढीला ती खूण ठाऊकच नाही.

नव्वदच्या पुढे कधीतरी नवीच वर्गवारी आली. आता पिसं नाही, घरटं नाही. पक्ष्याच्या पेशींतलं काहीतरी तपासून नाती ठरवू लागले होते. बाई मंडळाच्या वाचनालयात जाऊन वाचून आल्या आणि सोमवारी स्टाफरूममध्ये शिरल्या त्या तणतणतच.

"धर्मशाळा मोडायला घेतली एकदाची."

"मग चांगलंच झालं की. तुम्ही हेच म्हणत होता."

"चांगलं काय? राखीला बाहेर काढलं, त्याच्या भावंडांसकट. नवं घर दिलं. आणि शिंप्याला ठेवलं जुन्याच घरात." त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "दोघांची ताटातूट केली, सुमन."

"तुम्हाला पटत नाही?"

"मला पटतं की नाही याला कोण विचारतंय? मला वाटतं ते चुकलेत. पण वाटण्याचं काय करू? भाजी करू?"

त्यानंतर बाईंनी जे केलं ते त्यांना ओळखणाऱ्या कोणी खरं मानलं नसतं. त्या बसल्या. पाटील मामांचं स्टूल टाकीमागे नेऊन, झुडपाकडे तोंड करून, शाळा भरण्याआधी आणि सुटल्यानंतर, पावसाळ्यात, घरटी बांधायच्या दिवसांत. मेलेल्या घरट्यात धागा दिसतो, हात दिसत नाही. तेव्हा हातच बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. अंग चुळबुळायचं, पाय हलायचा, तेवढ्यानेच पाखरू उडून जायचं. मग स्वतःलाच शिव्या घालत परत बसायच्या. स्वतःचा पाय डोक्यावरून घ्यायच्या ओढणीने स्टुलाला बांधून बसलेल्या मी त्यांना पाहिलंय. मामा मला म्हणाले, "बाईंचं काय खरं न्हाय. माणूस बसला का भ्या वाटतं मला."

तीन पावसाळे गेले. एका सकाळी मी आले तर त्या स्टुलावरून उठून फाटकापर्यंत पळत आल्या होत्या, साडीला चिखल. त्यांनी राखी वटवट्याला पान शिवताना पाहिलं होतं. भोक पाडलं, धागा ओवला, टोक पिंजून गोंडा केला. हुबेहूब शिंप्यासारखं.

"मग झालं की!" मी म्हटलं. "मिळाली रीत."

क्षणभर त्यांच्या तोंडावर लाईट गेल्यावरचं ते हसू आलं. मग विझलं. "पोस्टमन सायकलवर येतो," त्या म्हणाल्या. "दूधवालाही सायकलवर येतो. म्हणून काय ते भाऊ झाले?" आणि ओढणीचा बोळा करून वर्गावर निघून गेल्या. मला तेव्हा त्यांची फार दया आली. स्वतःच्या हाती आलेला घास असा कोणी पुन्हा ताटात ठेवत नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या. शाळेने त्यांना खुर्ची भेट दिली. ही कल्पना मुख्याध्यापकांची. तिच्यावरही पर्सच बसली असणार.

त्यानंतर काही वर्षांनी बाई गेल्या. आणि त्या गेल्यावर आणखी बऱ्याच वर्षांनी, मीही निवृत्त होऊन नातवंडांत रमले होते तेव्हा, पक्ष्यांच्या एका नव्या पुस्तकात मी वटवट्यांची पानं उघडली. तपासण्या आता अधिक बारीक झाल्या होत्या. जुनं मोठं कुळ पार मोडून त्याची कितीतरी घरं झाली होती. आणि एका घरात, वरखाली दोन ओळींत, राखी वटवट्या आणि शिंपी होते. मी पुस्तक मिटलं आणि परत उघडलं. ते दोघे तिथेच होते.

हे मी इतके दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असं बजावलेलं होतं. ते बजावणं हीच माझी त्यांच्याशी झालेली शेवटची भेट.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाईंना बरं नव्हतं, म्हणून मी नारपोलीला गेले. खालच्या कारखान्याने सगळा मजला थरथरत होता, कपातला चहाही थरथरत होता. बाई पलंगावर होत्या, पण आडव्या नव्हत्या. उशीला टेकून पाय हलवत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. आवाज तोच, लूमच्या वर चढवलेला.

"एक दिवस त्या दोघांना परत एका घरात आणतील," त्या म्हणाल्या. "मी नसेन. तू असशील. आणि तू सगळ्यांना सांगत सुटशील, मुकादम बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून. तुझा स्वभाव आहे तो. सांगायचं नाही."

"का नाही? उत्तर तर बरोबर येईल तुमचं."

"रीत?"

मी चहाचा कप बशीत सरळ केला.

"शून्य," बाई म्हणाल्या.

"अर्धा तरी," मी म्हटलं. त्या मुलीसाठी मागितला होता तसाच.

त्या विचारात पडल्या. खरोखर पडल्या, तपासायला घेतलेल्या पेपरकडे बघावं तशा समोर बघत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचंच झालं, तर आधी गाठीचं सांग."

म्हणून आधी गाठीचं सांगितलं.

बाई हे बोलल्या आणि तेवढ्यात लाईट गेली. खालच्या लूम थांबल्या, मग गल्लीतल्या, मग पलीकडच्या. कपातला चहा स्थिर झाला. बाईंचा हात वर गेला होता. मी काही बोलतच नव्हते, तरी गेला होता. त्या पलंगावरून उतरल्या, भिंतीचा आधार घेत खिडकीशी गेल्या आणि मान वाकडी करून उभ्या राहिल्या. खाली कुठल्याशा पत्र्यावर वाढलेल्या झुडपात काहीतरी बारीक किलबिललं. मग रस्त्यापलीकडून दुसरं काहीतरी, जोरात, पुन्हा पुन्हा. मला तेव्हाही ओळखू आलं नाही कोण कुठलं ते.

बाईंना आलं. त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटवून वर धरलं. इतक्या वर्षांनी. मग मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखा तो हात त्यांनी पटकन पदराखाली घेतला.

लाईट आली. लूम सुरू झाल्या. "चहा निवला तुझा," बाई ओरडून म्हणाल्या.